वर्गातच करिअर कळेल का?

प्रश्न: ताई, मी डिचोलीची, बीएस्सी केमिस्ट्री सेकंड इयरला आहे. कॉलेजात करिअरचं म्हणजे वर्षातनं एक लेक्चर, तेही हॉलमध्ये दोनशे जण बसवून. घरी सगळे म्हणतात बीएड कर. मला काहीच सुचत नाहीये.

उत्तर: अगं, एका लेक्चरने काय होणार, हे रोजच्या शिकवण्यातच यायला हवं असं मला मनापासून वाटतं. तू लॅबमध्ये टायट्रेशन (थेंब थेंब द्रावण घालून प्रमाण मोजणं) करतेस ना, तेच आपल्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलवाले करतात, आणि तिथे आकडा चुकला तर व्हाइटनर चालत नाही, एक सरळ रेघ मारून बाजूला सही-तारीख घालायची, आजपासून तुझ्या जर्नलमध्ये तशीच सवय लाव आणि सरांना सांग की प्रॅक्टिकलच्या शेवटी दहा मिनिटं तरी हे कुठे वापरतात ते बोला. नव्या शैक्षणिक धोरणात यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) इंटर्नशिपला २ ते ४ क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) ठेवलेत, एक क्रेडिट म्हणजे ३० तास, तेव्हा ओळखीच्या दुकानातलं सर्टिफिकेट आणून ते वाया घालवू नकोस गं, खरी लॅब बघ. बीएड वाईट नाहीच, पण आधी एखाद्या शाळेत आठवडाभर बसून बघ, मग घरी बोल.