शुक्रवारपर्यंत: बाय की टिल?

एका वाचकाची शंका आहे. 'आय विल सेंड द फाइल टिल फ्रायडे' असं त्यांनी मेलमध्ये लिहिलं, तर साहेबांनी 'टिल' खोडून 'बाय' केलं. त्याच मेलमध्ये खाली 'आय ॲम इन पुणे टिल फ्रायडे' होतं, त्याला मात्र हात लावला नाही. मराठीत दोन्हीकडे 'शुक्रवारपर्यंत'च, मग इंग्रजीत हा दुजाभाव का?

साहेबांचं बरोबर आहे. सगळा घोळ आपल्या 'पर्यंत'ने घातलाय. हा एकटा शब्द दोन नोकऱ्या करतो. 'शुक्रवारपर्यंत थांब' म्हटलं की थांबणं आत्ता सुरू होतं आणि शुक्रवारी संपतं. 'शुक्रवारपर्यंत पाठव' म्हटलं की पाठवणं एकदाच होतं, मग सोमवारी होवो की बुधवारी, शुक्रवार उलटता कामा नये एवढंच. कुठला अर्थ घ्यायचा ते आपण क्रियापदावरून ठरवतो, आणि इतक्या सवयीने ठरवतो की अर्थ दोन आहेत हेही लक्षात येत नाही. इंग्रजीत पहिल्या कामाला 'टिल', दुसऱ्याला 'बाय'. हिंदीतला 'तक' आपल्यासारखाच दुहेरी. जर्मनमधला 'बिस'ही तसाच, त्यामुळे इंग्रजी शिकणारी जर्मन माणसंही नेमकी इथेच ठेचकाळतात.

तेव्हा 'सेंड टिल फ्रायडे' वाचणाऱ्याला काय वाटेल? हा गृहस्थ शुक्रवार उजाडेपर्यंत रोज तीच फाइल पाठवत राहणार!

मी स्वतः याच्या उलट आपटलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाहेरगावच्या पाहुण्याला मेसेज केला, 'आय विल बी इन ऑफिस बाय सिक्स'. मनात होतं, सहापर्यंत आहे, त्याआधी या. त्यांनी वाचलं ते बरोबरच वाचलं: हा सहाला ऑफिसात पोहोचतोय. बिचारे सव्वासहाला आले, तेव्हा शटर खाली होतं आणि मी लोकलमध्ये लटकत होतो. फोनवर ते रागावले नाहीत, उलट 'तुम्हाला यायला उशीर होतोय का?' असं विचारत होते. ते जास्त लागलं.

लिहिताना अडलात तर मराठीतच वाक्य फिरवून बघा. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' बसतंय? 'शुक्रवारच्या आत पाठवतो' बसतं, म्हणजे बाय. 'शुक्रवारच्या आत पुण्यात आहे' हे कानाला खुपतं, म्हणजे टिल. एक मात्र सांभाळा. 'च्या आत' म्हटलं की शुक्रवार धरायचा की सोडायचा यावरून वाद होऊ शकतो. 'बाय फ्रायडे'मध्ये शुक्रवार साधारणपणे धरलेला असतो. करारनाम्यात असा वाद परवडत नाही, म्हणून तिथे 'ऑन ऑर बिफोर' असतं आणि आपल्या सरकारी मराठीत 'रोजी किंवा तत्पूर्वी'.

एकाच व्यवहारात दोन्ही शब्द लागतात याचा नमुना म्हणजे प्राप्तिकराचं विवरणपत्र. '३१ जुलैपर्यंत भरा' हे बाय. २०२५ साली ही मुदत आधी १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली, तिथे 'एक्स्टेंडेड टिल' चालतं, कारण मुदत लांबत जाते. आणि वाढलेल्या मुदतीत विवरणपत्र भरायचं, ते पुन्हा 'बाय फिफ्टीन्थ सप्टेंबर'.

आता गंमत अशी, की 'बाय'चं काम तेवढं करणारा एक शब्द मराठीत आहे: एव्हाना. 'एव्हाना गाडी कर्जतला पोहोचली असेल' म्हणजे 'बाय नाऊ'. इथे 'आतापर्यंत'ही चालेल. पण 'आतापर्यंत तुझी वाट पाहिली' हे 'एव्हाना तुझी वाट पाहिली' असं म्हणून बघा. जमतच नाही, कारण तिथे 'टिल नाऊ' आहे. भेद आपल्या कानाला पुरता कळतो, तो 'पर्यंत'च्या पोटात दडलेला असतो इतकंच.

पुढची पायरी म्हणजे 'पोहोचेपर्यंत', 'येईस्तोवर' ही रूपं. 'मी स्टेशनवर पोहोचेपर्यंत गाडी सुटली' याचं 'टिल आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट' असं इंग्रजी सर्रास ऐकू येतं. सुटणं एका क्षणाचं, तेव्हा टिल नको. पण नुसतं बायही पुरत नाही, कारण त्याला मागे अख्खं वाक्य पेलत नाही. म्हणून 'बाय द टाइम आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट'.

नकार आला की आणखी सावध. 'शुक्रवारपर्यंत पैसे येणार नाहीत' याचे दोन अर्थ. 'नॉट टिल फ्रायडे' म्हटलंत तर शुक्रवारी येतील अशी आशा लावलीत. मराठीत हे 'शुक्रवारशिवाय येणार नाहीत' असं नेमकं सांगता येतं. 'नॉट बाय फ्रायडे' म्हटलंत तर शुक्रवारची मुदत हुकणार एवढंच कळलं, पुढचं कोणी बोललेलं नाही. उधारी मागणाऱ्याला उत्तर देताना हा फरक महाग पडतो.

आणि 'जोपर्यंत तू येत नाहीस, तोपर्यंत मी जेवणार नाही'. आपण दोन्हीकडे 'नाही' घालतो आणि ते मराठीत अगदी शुद्ध आहे. तेच इंग्रजीत नेलं की 'अंटिल यू डोन्ट कम' होतं, आणि त्याचा अर्थ तू येत नाहीस ही स्थिती सुरू होईपर्यंत मी उपाशी! तिकडे पहिला नकार गाळायचा: 'आय वोन्ट ईट अंटिल यू कम'. माझ्या मते बाय-टिलच्या गोंधळापेक्षा ही चूक आपल्याकडे जास्त मुरलेली आहे, चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांच्याही तोंडी असते.

शेवटी त्या वाचकांनी विचारलंय, टिल हा अंटिलचा संक्षेप का? नाही. टिल जुना आहे, जुन्या नॉर्समधल्या (स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या) 'टिल'शी नातं सांगणारा; अंटिल त्याला पुढे जोड लागून नंतर बनला. अर्थ एकच, अंटिल जरा पोशाखी. फक्त स्पेलिंगमध्ये टिलला दोन एल आणि अंटिलला एकच.