१९८०च्या दशकात घरगुती कॉम्प्युटरबद्दल पुस्तकं लिहिणारे लोक अजून त्याच आठवणी का काढत बसतात?

तुमच्या प्रश्नातली चेष्टा पोचली. स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो असल्या घरगुती कॉम्प्युटरांबद्दल ज्यांनी तेव्हा पुस्तकं लिहिली ते म्हातारे अजून त्यातच का रमतात, आणि त्या पुस्तकांत असं होतं तरी काय, असं तुम्ही विचारलंय. मी त्या म्हाताऱ्यांपैकीच एक. मूळचा ठाण्याचा, पोटापाण्यासाठी इंग्लंडात लेस्टरला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होतो. नोकरी सांभाळून रात्री झेडएक्स स्पेक्ट्रमबद्दल पुस्तकं लिहायचो. त्यामुळे उत्तर ऐकीव नाही, पण एकतर्फी असणार.

मुद्द्याचं आधी सांगतो. ते यंत्र अख्खं एका माणसाच्या डोक्यात मावायचं, आणि पुस्तक छापून येईपर्यंत ते बदलायचं नाही. आम्हाला चुटपुट लागते ती एवढ्याचीच. बाकी रबरी बटणं आणि कॅसेटची खरखर यांचं कौतुक ज्यांना त्यावर काम करावं लागलं नाही त्यांनी करावं.

सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ला आला. १६ के (किलोबाइट) मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ला. आधीच्या वर्षीचा झेडएक्स ८१ जोडून तयार ७० पौंडांच्या आत मिळायचा, पण मेमरी जेमतेम १ के. डब्ल्यू. एच. स्मिथसारख्या वह्या, पेनं, मासिकं विकणाऱ्या दुकानांत ही यंत्रं मिळायला लागली. घेणारे कोण, तर शाळकरी पोरं आणि त्यांचे वडील. घरी न्यायचा, टीव्हीला जोडायचा, की पडद्याच्या तळाशी कंपनीचं नाव आणि १९८२ एवढी एक ओळ. पुढे काय करायचं? शेजाऱ्याला माहीत नाही, शाळेतल्या सरांना माहीत नाही. खोक्यात स्टीव्हन विकर्स यांनी लिहिलेलं बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं मॅन्युअल यायचं. ते खरोखर चांगलं होतं, पण विकर्स गणितातले माणूस, त्यांची चाल बारा वर्षांच्या पोराला झेपणारी नव्हती. ती फट भरायला आम्ही.

एक नमुना देतो. स्पेक्ट्रमवर एका बटणाला एक अख्खा शब्द होता. ओळीच्या सुरुवातीला ‘पी’ दाबलं की ‘प्रिंट’ हा पूर्ण शब्द उमटायचा. हे ठाऊक नसलेला माणूस पी, आर, आय, एन, टी अशी अक्षरं दाबत जायचा. पडद्यावर ‘प्रिंट’ आणि त्याच्या शेपटीला उरलेली चार अक्षरं. ती चार अक्षरं यंत्राला एखाद्या व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवायच्या कप्प्याचं, नाव वाटायची आणि ते म्हणायचं, ‘व्हेरिएबल नॉट फाउंड’. नवा कॉम्प्युटर, पहिलाच शब्द, आणि समोर ही तक्रार. कित्येक यंत्रं तिथेच कपाटात गेली असतील. माझ्या पहिल्या पुस्तकाची सुरुवातीची पानं फक्त या घोळावर होती. संपादक बाईंना ती काढून टाकायची होती. मी हटून बसलो. पुढे वाचकांची पत्रं आली ती बहुतेक त्याच पानांबद्दल.

आता डोक्यात मावण्याबद्दल. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये, म्हणजे कारखान्यातच कायमची भरून दिलेल्या मेमरीत, १६,३८४ बाइट होते. बेसिक, कीबोर्ड, कॅसेट, गणित, सगळं तेवढ्यात. १९८३ साली इयन लोगन आणि फ्रँक ओ’हारा यांनी त्या रॉममधली सूचनान् सूचना उलगडून, शेजारी स्पष्टीकरण देऊन, एका पुस्तकात छापली. म्हणजे तुमच्या समोरच्या यंत्रात जे काही चालतं ते सगळं टेबलावर, हाताशी. माझी प्रत इतकी वापरली गेली की पानं रबरबँडने बांधून ठेवायचो. त्यात चुकासुद्धा सापडायच्या. रॉममध्ये १०२ या पत्त्यावर, म्हणजे १०२ क्रमांकाच्या घरापासून, प्रोग्रॅमचा एक छोटासा तुकडा आहे. बाहेरून ठरावीक सिग्नल दिला की चालू प्रोग्रॅम सोडून तुम्ही सांगाल त्या पत्त्यावर उडी मारायची, अशी ती सोय. पण तपासणी उलटी लिहिली गेली. पत्ता दिलेला असेल तर उडी नाही, पत्ता शून्य असेल तरच उडी, आणि शून्यावर उडी म्हणजे यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. १९८४च्या स्पेक्ट्रम प्लसमध्येही ही चूक जशीच्या तशी आली. म्हणजे चुकीवरही भरवसा ठेवता यायचा! ‘अमुक पत्त्यावर अमुक आहे’ असं छापलं की वाचकाच्या घरी ते तिथेच असणार. आज मी एखाद्या सॉफ्टवेअरवर लिहायला घेतलं तर प्रकरण संपेपर्यंत त्यातली बटणं जागा बदलतात.

माझं सगळ्यात आवडतं प्रकरण पडद्याच्या मेमरीचं. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. ठिपक्यांचे ६,१४४ बाइट १६३८४ पासून सुरू, त्यामागे रंगांचे ७६८. ठिपक्यांच्या एका ओळीला ३२ बाइट लागतात, तेव्हा खालची ओळ ३२ घरं पुढे असेल असं कुणालाही वाटेल. तशी ती नसते, ती २५६ घरं पुढे असते. शिवाय पडद्याचे वरचा, मधला, खालचा असे तीन तुकडे. पोरं इथे हैराण व्हायची. मी आकृत्या काढायच्या भानगडीत पडलो नाही. लिहिलं, ‘कॅसेटवरून खेळ लोड होताना आधी चित्र उमटतं ते नीट बघा.’ कारण चित्र मेमरीच्या क्रमानेच येतं. आधी वरच्या तिसऱ्या हिश्श्यात आठ-आठ ओळींच्या अंतराने एकेक रेघ, मग त्यांच्या खालच्या रेघा, असं करत तो हिस्सा भरतो, मग मधला, मग खालचा, आणि शेवटी रंग. रोज डोळ्यांसमोर होणारी गोष्ट, फक्त तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

आणि ही रचना वेडेपणाची नव्हती. अक्षर आठ ओळी उंच. खालची ओळ २५६ने पुढे असली की झेड ८०ला, म्हणजे त्यातल्या प्रोसेसरला, पत्त्याच्या वरच्या अर्ध्या भागात फक्त एक मिळवावा लागतो. एका बाइटची सूचना, प्रोसेसरच्या घड्याळाच्या चार ठोक्यांत काम. ३२ मिळवत बसायचं तर बेरजेलाच अकरा ठोके. पडद्यावर सारखी अक्षरं लिहायची असली की ही बचत मोठी. ज्या पोराला हे उमगलं त्याला पुढे कुठल्याही चमत्कारिक रचनेची भीती वाटली नसेल.

त्याच्या पुढच्या प्रकरणात बारा आकड्यांचा एक प्रोग्रॅम होता: ३३, ०, ०, १७, ०, ६४, १, ०, २७, २३७, १७६, २०१. अर्थ सरळ आहे. शून्य पत्त्यापासून उचल, १६३८४ पासून ठेव, एकूण ६,९१२ बाइट, आणि परत ये. डोळ्यांचं पातं लवायच्या आत रॉम अख्ख्या पडद्यावर सांडायचा, रंगीबेरंगी आणि लुकलुकणारा. बेसिकमध्ये हेच करायला लावलं तर पडदा मुंगीच्या चालीने भरायचा. मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणारे असले आकडे, कशाला शिकायचा, या प्रश्नाला मी याहून चांगलं उत्तर कधी दिलं नाही.

पण छापखान्यात खिळे जुळवल्यासारखे हे आकडे कुणी पुन्हा टाइप केले की संपलं. एका आवृत्तीत शेवटचा २०१ छापून आला तो २१० होऊन. मजकुरात असली चूक कुणी बघत नाही. इथे २०१ म्हणजे ‘परत जा’ आणि २१० म्हणजे ‘हातचा उरला नसेल तर पुढच्या दोन घरांत जो पत्ता असेल तिथे उडी मार’, आणि इथे हातचा नसतोच. पुढची घरं रिकामी, म्हणजे पत्ता शून्य. सगळं टाइप करून झाल्यावर पोराने ‘रन’ म्हटलं की पडद्यावर क्षणभर रंग, मग काळोख, मग कंपनीचं नाव आणि १९८२. टाइप केलेलं सगळं गेलं. त्यानंतर मी प्रकाशकाला बजावलं, लिस्टिंग, म्हणजे प्रोग्रॅमचा छापील उतारा, कुणी हाताने टाइप करायचं नाही, प्रिंटरमधून निघालेल्या कागदाचाच फोटो घ्यायचा. तो झेडएक्स प्रिंटरही एक प्रकरणच होता. चार इंच रुंदीचा चंदेरी कागद, आणि ठिणगी पाडून त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर जाळत अक्षरं काढायची. खोलीभर जळका वास. चकाकत्या कागदाचा फोटो नीट येईना, म्हणून आधी झेरॉक्स, मग झेरॉक्सचा फोटो. कात्री आणि गोंद घेऊन मी जेवणाच्या टेबलावर बसलो की बायको ताटं उचलून आत जायची.

आता दुसरी बाजूही ऐका, नाहीतर म्हणाल म्हातारा सोनेरी दिवसांची गाणी गातोय. त्या काळातली पुष्कळ पुस्तकं भिकार होती. बेसिकचं एक पुस्तक लिहायचं आणि तेच स्पेक्ट्रमसाठी, ड्रॅगन ३२साठी, ओरिकसाठी असल्या दुसऱ्या कॉम्प्युटरांसाठी नाव बदलून काढायचं, हा धंदा होता. मशीन कोडला ते जमत नसे, कारण ड्रॅगनमध्ये मोटोरोलाचा ६८०९ आणि ओरिकमध्ये ६५०२ असे वेगळेच प्रोसेसर, त्यामुळे तिथे थोडी तरी लाज राखली गेली. पाच-सहा पौंडांचं पुस्तक, त्यातले लेखकाला पेन्स. घाई एवढी की नाताळच्या आधी दुकानात गेलं नाही तर रद्दी. १९८४चा नाताळ बरा गेला. १९८५मध्ये बाजार बसला, माझ्या एका प्रकाशकाने दुकान गुंडाळलं आणि मानधनाचा शेवटचा हप्ता अजून यायचाच आहे. एप्रिल १९८६मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा ॲमस्ट्रॅड या दुसऱ्या कंपनीने ५० लाख पौंडांना घेतला. मी तोवर नोकरीतल्या ओव्हरटाइमकडे वळलो होतो. त्यात पैसे जास्त होते, खरं सांगायचं तर.

पत्रं मात्र आठवतात. प्रकाशकाकडून गठ्ठ्याने यायची, आत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. वहीच्या चौकटीच्या कागदावर पेन्सिलने उतरवलेला प्रोग्रॅम, चुकलेल्या आकड्याभोवती गोल, आणि ‘सर, इथे का अडतं?’ स्कॉटलंडमधल्या डंडीच्या एका मुलाची आई टाइमेक्सच्या कारखान्यात होती, तिथेच ही यंत्रं जोडली जायची. त्याचे प्रश्न माझ्यापेक्षा वरचे असायचे. शेवटी शेवटी मीच त्याला विचारायला लागलो.

भारतात या पुस्तकांचा उपयोग जवळपास शून्य. धाकट्या भावासाठी एकदा बॅगेतून स्पेक्ट्रम आणला, सोबत माझं पुस्तक. स्पेक्ट्रमचा टीव्हीसाठीचा सिग्नल यूएचएफ या लहरींच्या पट्ट्यात, चॅनल ३६. ठाण्याच्या आमच्या टीव्हीला फक्त व्हीएचएफ हा दुसरा पट्टा! शेवटी ओळखीच्या टीव्हीवाल्याने मागच्या कनेक्टरवरून थेट व्हिडिओची तार काढून दिली, तेव्हा कुठे चित्र आलं. भारतात १९८४पासून सरकारी योजनेतून शाळांत बीबीसी मायक्रो येऊ लागले होते, पण मराठीतून त्यावर लिही असं मला कुणी म्हटलं नाही. मलाही सुचलं नाही, हे जास्त लागतं.

तुम्हाला खरंच बघायचं असेल तर विकत काही घेऊ नका. त्या काळातली बरीच पुस्तकं स्कॅन होऊन इंटरनेटवर पडली आहेत, आणि ब्राउझरमध्ये चालणारा स्पेक्ट्रमही फुकट मिळतो. वरचे बारा आकडे ‘क्लियर ५९९९९’ दिल्यावर ६०००० पासून पोक करा, म्हणजे एकेका घरात एकेक टाका, आणि ‘रँडमाइज यूएसआर ६००००’ म्हणा. चुकून माझंच एखादं पुस्तक हाती लागलं तर शेवटचं बायोरिदमचं, म्हणजे जन्मतारखेवरून बरे-वाईट दिवस सांगण्याचं, प्रकरण वाचू नका. तेव्हा प्रत्येक पुस्तकात ते असायचं, प्रकाशकाला पानं भरून हवी होती, आणि त्यातला २३, २८ आणि ३३ दिवसांचा हिशेब मला तेव्हाही पटत नव्हता.