मास्क लावला की बाळ रडतं, मग नेब्युलायझर द्यायचा कसा?

आठ महिन्यांच्या बाळाची आई फार धास्तावलेली होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून मास्कमधून श्वासावाटे देणारं मशीन, वापरत होती, तरी घरघर कमी होत नव्हती. त्यात घरातली मोठी माणसं म्हणायची, "एवढ्याशा जिवाला मशीनची सवय लावू नकोस." म्हणून औषधाचा कप निम्मा झाला की ती मशीन बंद करायची.

रोज कसं देता ते करून दाखवा, असं आम्ही म्हटलं. बाळ पाठीवर आडवं, रडून लालबुंद, आणि मास्क तोंडापासून दोन बोटं लांब. औषध कमी पडत होतं ते इथेच. मास्क गालांना चिकटून बसला नाही तर बरंचसं औषध हवेतच उडून जातं. 'रडलं की श्वास खोल जातो, औषध जास्त ओढलं जातं,' हा समजही चुकीचा आहे. रडणारं बाळ लांबलचक श्वास सोडतं आणि मध्येच झटकन घेतं, त्यामुळे औषध घशातच बसतं आणि गिळलं जातं.

मग बाळाला मांडीवर बसतं धरायला सांगितलं, पाठ आईच्या छातीला टेकवून. नाक चोंदलेलं असेल तर आधी सलाईनचे थेंब. मशीन बंद असतानाच मास्क बाळाच्या हातात खेळायला द्यायचा, मग आईने स्वतःच्या नाकाला लावून दाखवायचा, आणि मगच बाळाच्या. फारच रडलं तर मशीन थांबवून शांत करायचं नि उरलेलं औषध पुढे द्यायचं. झोपेत मास्क नीट बसत असेल आणि बाळ दचकत नसेल तर तेव्हा दिलं तरी चालतं.

कप उभाच हवा. तिरका झाला की धुकं येणं बंद होतं. औषध आणि सलाईन मिळून साधारण 3 ते 4 मिली असतं, पण औषध किती ते डॉक्टरांनीच ठरवायचं. साधं पाणी किंवा बाम कपात कधीही घालू नये, श्वासनळ्या आकसू शकतात. 5 ते 10 मिनिटांत फडफड आवाज येतो, तेव्हा कपावर टिचकी मारायची आणि धुकं थांबलं की संपलं. नेहमीपेक्षा फार वेळ लागायला लागला तर कपातलं बारीक छिद्र तुंबलंय का, फिल्टर काळा पडलाय का, ते बघावं. दर वेळी कप नि मास्क धुऊन उघड्यावर वाळवायचे. नळी आतून धुवायची नसते. औषध ब्युडेसोनाइड (श्वासनळ्यांची सूज कमी करणारं स्टिरॉइड) असेल तर नंतर चेहरा पुसून दूध पाजावं, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात.

सवयीचं म्हणाल, तर सालब्युटामॉलचा (श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) असर काही तासांत ओसरतो, त्याचं व्यसन लागत नाही. मात्र ठरवलेल्या वेळेआधीच पुन्हा द्यावंसं वाटू लागलं तर आजार वाढतोय असं समजून डॉक्टरांना कळवावं. लहान बाळांच्या ब्राँकिओलायटिसमध्ये (बारीक श्वासनळ्यांच्या विषाणू संसर्गात) या औषधाचा अनेकदा उपयोगच होत नाही, तेव्हा नीट देऊनही फरक नसेल तर पुढे चालू ठेवायचं का, हे जरूर विचारावं.

बरगड्यांखाली खळगे पडणं, नाकपुड्या फुलणं, कण्हल्यासारखा श्वास, दूध न ओढणं, किंवा शांत असताना मिनिटाला 50 वा अधिक श्वास: यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. ओठ निळे पडले तर मशीन लावत बसू नका, थेट तातडीची मदत बोलवा.