सेल्फ-लायगेटिंग ब्रेसेसने दात लवकर सरळ होतात का? जास्तीचे 25 हजार द्यावेत का?

तुमचा प्रश्न असा: मुलगी 14 वर्षांची, खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले. सांगलीत साध्या मेटल ब्रेसेसचे 35 हजार सांगितले, ‘कमी घर्षणाच्या’ सेल्फ-लायगेटिंगचे 60 हजार, आणि महागड्यात सहा महिने आधी काम होतं असंही. वेळ वाचेल म्हणून पैसे भरणार असाल तर भरू नका. दुसऱ्या कारणासाठी भरायला हरकत नाही, ते पुढे सांगतो.

फरक आहे तो तार धरून ठेवण्यात. दातावर चिकटवतात तो ब्रॅकेट, त्याला मधोमध आडवी खाच असते, बहुतेक वेळा 0.022 इंचाची. साध्या ब्रॅकेटमध्ये तार खाचेत बसवून वरून इवलीशी रबरी रिंग ताणून अडकवतात, नाहीतर बारीक स्टीलच्या तारेला पीळ देऊन बांधतात. रिंग तारेला खाचेच्या तळाशी दाबते, म्हणून घर्षण. सेल्फ-लायगेटिंगला रिंग नसते, ब्रॅकेटलाच छोटं सरकतं दार असतं. ते लावलं की खाचेची नळी होते. पॅसिव्ह प्रकारात (डेमन हे त्यातलं गाजलेलं नाव) तार या नळीत मोकळी सरकते; ॲक्टिव्ह प्रकारात स्प्रिंगसारखी क्लिप जाड तारेला थोडी दाबतेच.

सुरुवातीच्या 0.014 इंची निकेल-टायटॅनियम तारेवर टेबलावर मोजलं तर पॅसिव्हचं घर्षण खरोखर नगण्य भरतं. जाहिरात तिथेच थांबते. तोंडात दात सरळ रेषेत घसरत नाही. तो आधी किंचित कलतो, मग खाचेच्या कडा तारेला अडतात. हे अडणं दार असो की रिंग, दोन्हीकडे होतं, आणि चावताना बसणाऱ्या हिसक्यांनी दोन्हीकडे सुटतंही. वेग ठरवतं ते हाड. दात ज्या बाजूला ढकलायचा तिथलं हाड विरघळावं लागतं, मागे नवं भरावं लागतं. काढलेल्या दाढेच्या जागेत सुळा मागे नेताना महिन्याला साधारण 1 मिलिमीटर, हा त्याचा वेग. तार गुळगुळीत असल्याने पेशी घाई करत नाहीत. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेल्या तुलनांमध्ये एकूण कालावधीत किंवा दुखण्यात सांगण्यासारखा फरक निघालेला नाही. ‘यात दात काढावे लागत नाहीत’ हेही पटवून घेऊ नका. जागा कमी असेल आणि दात न काढता रांग लावली, तर पुढचे दात बाहेर झुकतात. ब्रॅकेट कुठलाही असो.

मग पैसे कशाचे? रिंगा काढण्या-घालण्याचा वेळ वाचतो, म्हणजे खुर्चीवरची काही मिनिटं. दोन भेटींमध्ये 8 आठवडे ठेवता येतात. जतहून किंवा आटपाडीहून एसटीने यायचं असेल, शाळा बुडत असेल, तर हे मोलाचं आहे. पण आजच्या तारांवर साध्या ब्रेसेसलाही 6 आठवडे चालतात, हे डॉक्टरांना विचारून घ्या. आणि हळद! पारदर्शक रिंगा दोन जेवणांत पिवळ्या पडतात, सांगलीत तर विचारूच नका. त्यावर उपाय फुकट आहे: राखाडी रिंगा मागा.

दाराचेही त्रास असतात. तार मोकळी असल्याने ती एका बाजूला सरकत जाते आणि मागचं टोक दाढेवर चिकटवलेल्या नळीतून बाहेर येऊन गालाला टोचतं. म्हणून पुढच्या दातांजवळ तारेवर चिमटून बसवलेला छोटा स्टॉप हवा. लावला नसेल तर लावून मागा, तोवर टोकावर मेण. दारात कीटण साचलं की ते उघडत नाही, जोर लावला की तुटतं, आणि महागडा ब्रॅकेट बदलावा लागतो. फार वळलेल्या दातावर रिंग ब्रॅकेटच्या एकाच बाजूच्या कानांना (रिंग अडकवायच्या बारीक पंखांना) अडकवून भागतं. दार मात्र तार पूर्ण बसल्याशिवाय लागत नाही. शेवटच्या टप्प्यात, मुळांचा कल सुधारताना, 0.019 बाय 0.025 इंची चौकोनी तार खाचेपेक्षा बारीक असल्याने दोन्ही प्रकारांत थोडी हलते. पॅसिव्हमध्ये तिला दाबणारं काही नसतं, म्हणून बारीक कामाला डॉक्टरांना जास्त खटपट करावी लागते.

मधला रस्ताही आहे. तारेला न दाबता खाचेवरून कमान करणाऱ्या खास आकाराच्या रिंगा मिळतात. किंवा पहिल्या महिन्यांत स्टीलची तार सैल बांधायची. साध्याच ब्रॅकेटवर घर्षण कमी होतं.

खर्चच अडचण असेल तर भारती विद्यापीठ किंवा वसंतदादा पाटील दंत महाविद्यालयात चौकशी करा. सातारा जिल्ह्यातून येणाऱ्यांना कराडचं कृष्णा आहे. तिथे केस पदव्युत्तर विद्यार्थी हाताळतात, वर प्राध्यापकांची नजर असते. त्यांचं एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) 3 वर्षांचं, उपचार दीड-दोन वर्षांचे. तेव्हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मिळेल असं बघा, नाहीतर अर्ध्यात हात बदलतो.

वेळ लांबण्याचं खरं कारण बहुधा निसटलेला ब्रॅकेट असतो. ऊस दातांनी सोलणं पूर्ण बंद. भडंगातले शेंगदाणे आणि भाजलेलं कणीस बंद. दाणे काढून, उकडून चालतील. पेरूच्या पातळ फोडी. वरचे दात खालच्यांना फार झाकत असतील तर चावताना खालचे ब्रॅकेट उडतातच; अशा वेळी दाढांवर सिमेंटचे छोटे ठोकळे आधीच लावून घ्या.

दोन्हीकडचे आकडे पुन्हा विचारा: त्यात ओपीजी (सगळे दात आणि जबडा एकत्र दाखवणारा एक्स-रे) आणि बाजूचा एक्स-रे धरलाय का, तुटलेल्या ब्रॅकेटचे वेगळे किती, आणि रिटेनर (ब्रेसेस काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारी तार किंवा साचा) आहे का. खालचे पुढचे दात परत वाकडे व्हायला सगळ्यात आधी निघतात. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत आतून चिकटवलेली तार 35 हजारांत मिळत असेल आणि 60 हजारांत नसेल, तर निवड तिथेच झाली.