शपथ घातलीय, आता सांगू की नको?

घरोघरी जाणाऱ्या नर्स, फिजिओथेरपिस्ट मला हा प्रश्न हमखास विचारतात : पेशंटला घरात मारहाण होतेय हे कळलं, पण पेशंटच म्हणतोय कुणाला सांगू नका. मग काय करायचं? त्यातली ही एक हकिगत, ओळख पटू नये इतपत बदललेली.

निवृत्त शिक्षिका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओला त्यांच्या दंडावर बोटांचे काळेनिळे वळ दिसले. आधी ‘दार लागलं’ झालं, मग रडू फुटलं. एटीएम कार्ड मुलाकडे, पेन्शन तोच काढतो, पैसे मागितले की हात उचलतो. आणि लगोलग त्यांनी शपथच घातली, “कुणाजवळ बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.” फिजिओला त्याच दिवशी पोलिसांत जायचं होतं. तिची फी तोच मुलगा देत होता, ही आणखी एक गोची.

लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर देणं पोक्सो कायद्याखाली सक्तीचं आहे. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्यात आपल्यावर तशी सक्ती नाही. म्हणजे निर्णयाचं ओझं आपल्याच डोक्यावर. मी तिला एवढंच विचारलं, तक्रार झाली आणि उद्यापासून तुझं येणं बंद केलं, तर त्या घरात बाहेरचं कोण जाणार?

आजींना क्लिनिकमध्ये एकटीला भेटले. त्यांना समजतंय का, हे आधी बघायचं होतं. ‘वय झालंय, त्यांना काय कळतं’ हे घरचे म्हणतात, आपण म्हणायचं नसतं. पेन्शन किती, गोळ्या कोणत्या, घरी परत गेल्यावर काय होऊ शकतं, सगळं त्यांनी नीट सांगितलं. “पोरगा तुरुंगात नको. माझं पासबुक मला हवंय.” बँकेत मुलगा त्यांना फक्त नोव्हेंबरात नेई, हयातीच्या दाखल्यापुरतं.

तेव्हा निर्णय त्यांचा. पण मीही स्पष्ट सांगितलं, जिवावर बेतेल असं दिसलं तर तुमची परवानगी न घेता बोलेन. त्या चिडल्या. चिडू दिलं. हे पुढे कधीतरी कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. विसरण्याचा आजार असता, तर मी इतकी थांबले नसते.

भाच्याला सोबत घेऊन त्यांनी जुनं कार्ड बंद करवलं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, त्याच २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज, स्वतःला जमत नसेल तर संस्थेला अधिकार देऊन तो करता येतो, हे सगळं सांगितलं. अर्ज त्यांनी केला नाही. फ्लॅट मात्र अजून त्यांच्याच नावावर आहे. बक्षीसपत्रावर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा, हे मी दोनदा बजावलं. फिजिओला नोंदी ठेवायला लावल्या : तारीख, वळ कुठे, केवढा, आजींचे शब्द जसेच्या तसे. आपला अंदाज त्यात घालायचा नाही.

मुलाने आरडाओरडा केला, हात उचलला नाही. निदान आजी तसं सांगतात.

आता गुडघा बरा झालाय. “व्यायाम लांबवू का?” फिजिओने विचारलं. गरज नसलेल्या उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत, म्हटलं. ती आता फी न घेता अधूनमधून डोकावते आणि मुलाला ते खटकतंय. दार बंद व्हायच्या आत दुसरं कुणी तिथे जातं-येतं व्हावं, म्हणून जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात आजींचं नाव घालायचं चाललंय. आजींची अट एकच, फॉर्मवर मुलाचा फोन नंबर द्यायचा नाही.