जॉबवर्कचं विमान आणि लेकीचं लायसन्स

प्रश्न: माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ७४ टक्के. तिला विमान दुरुस्तीचं, म्हणजे एएमईचं शिक्षण घ्यायचं आहे. बाहेरच्या राज्यातली एक संस्था नऊ लाख फी सांगते आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणते. नागपूरला असलेला माझा भाचा म्हणतो, मिहानमध्ये सरकारी कंपनी दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करते, तिथे लागली की सरकारी नोकरीच. मला कळत नाही, एका विमान कंपनीची माणसं दुसऱ्या कंपनीचं विमान का दुरुस्त करतील? उद्या त्या कंपनीने आपलं काम स्वतः करायचं ठरवलं तर हिच्या नोकरीचं काय? मिस्टर जिनिंगमध्ये हिशेब पाहतात. त्यांचं म्हणणं, त्यापेक्षा साधं इंजिनिअरिंग करावं.
— एक आई, हिंगणघाट

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातला प्रश्न फीपेक्षा मोठा आहे, म्हणून आधी तोच घेतो. आणि उत्तर तुमच्या घरातच आहे. स्वतःचा कापूस संपला की जिनिंगवाला यंत्रं बंद ठेवत नाही, दुसऱ्याचा कापूस जॉबवर्कवर घेतो. विमान कंपन्यांचं नेमकं हेच चालतं.

हँगर, जॅक, इंजिन चालवून तपासायची खोली (टेस्ट सेल), लायसन्सवाले इंजिनिअर हा सगळा खर्च विमान आलं काय, न आलं काय, महिन्याला होतोच. आणि विमानं वर्षभर सारखी येत नाहीत. युरोपात उन्हाळ्यात प्रवाशांची झुंबड असते, म्हणून मोठी देखभाल हिवाळ्यात उरकतात. आपल्याकडे मे महिना आणि दिवाळी ते नववर्ष हे दिवस कमाईचे. विमान आत घ्यायचं तर पावसाळ्यात. उरलेल्या काळात हँगर रिकामा ठेवण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचं विमान घेतलेलं परवडतं. लुफ्तान्साची हॅम्बुर्गची ‘लुफ्तान्सा टेक्निक’, डेल्टाचं अटलांटातलं ‘टेकऑप्स’, एअर फ्रान्स-केएलएमची देखभाल शाखा, हे सगळे दुसऱ्यांची कामं घेऊनच मोठे झाले. सिंगापूर एअरलाइन्सने तर १९९२ मध्ये आपला इंजिनिअरिंग विभाग वेगळी कंपनी करून बाजूला काढला.

दुसऱ्या बाजूने पाहा. लहान कंपनीला दोनेक वर्षांनी येणाऱ्या मोठ्या तपासणीसाठी (सी चेक), किंवा एअरबस ए३२० ला सहा आणि बारा वर्षांनी लागणाऱ्या मोठ्या स्ट्रक्चरल तपासणीसाठी स्वतःचा हँगर बांधणं परवडतच नाही. ती विमान घेऊन दुसऱ्याच्या दारात उभी राहते. आपल्या देशातली मोठी कामं, विशेषतः इंजिनं, वर्षानुवर्षं परदेशी जात आली. त्यात कराचा हात मोठा होता. देखभालीच्या कामावर १८ टक्के जीएसटी होता, तो १ एप्रिल २०२० पासून ५ टक्के झाला. २०२४ मध्ये आयात सुट्या भागांवरही एकसारखा ५ टक्के आला. आता हैदराबादला साफ्रान या फ्रेंच इंजिन कंपनीचं ‘लीप’ जातीच्या इंजिनांचं दुरुस्ती केंद्र उभं राहिलं आहे. कामं देशात राहू लागली आहेत, हे खरं.

आता मिहान, म्हणजे नागपूर विमानतळालगतचा औद्योगिक पट्टा. एअर इंडियाने २००६ मध्ये बोइंगला ६८ विमानांची ऑर्डर दिली, त्या व्यवहारातच बोइंगने भारतात देखभाल केंद्र उभारून द्यायचं ठरलं. ते नागपूरला झालं आणि २०१५ मध्ये एअर इंडियाच्या इंजिनिअरिंग कंपनीच्या, एआयईएसएलच्या हाती आलं. पुढे २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली, पण एआयईएसएल सरकारकडेच राहिली. म्हणजे कालपर्यंत घरची असलेली विमान कंपनी एका दिवसात गिऱ्हाईक झाली. तुमचा भाचा म्हणतो ते इथपर्यंत बरोबर आहे.

‘लागली की सरकारी नोकरीच’ हे मात्र डोक्यातून काढा. अलीकडच्या तिथल्या जाहिरातींत टेक्निशियनच्या जागा मुदतीच्या करारावर निघाल्या आहेत. कंपनी विकण्याचा सरकारचा विचारही जुनाच आहे. आणि तुम्हाला वाटणारी भीती खोटी नाही: एअर इंडिया आता बंगळुरूला स्वतःचा देखभाल तळ उभारते आहे, तोही मघाच्या त्या सिंगापूरच्या कंपनीला हाताशी धरून. उद्या काही विमानं नागपूरऐवजी तिकडे जातील. या धंद्यात विमानं हँगर बदलतात, करार संपतात, मालक बदलतात. मिहानमधलाच दुसरा देखभाल उद्योग, इंडामेर, २०२५ मध्ये अदानी समूहाने घेतला.

म्हणून मुलांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: कंपनीच्या फाटकावरची पाटी बघू नका, लायसन्स बघा. डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, एएमई लायसन्स माणसाच्या नावावर असतं, कंपनीच्या नाही. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. पगार थकले, घरं विस्कटली, ते मी हलकं करून सांगणार नाही. पण ज्यांच्याकडे लायसन्स आणि त्यावर चालू विमानाचं टाइप रेटिंग (म्हणजे त्या ठरावीक प्रकारच्या विमानावर काम करायची नोंद) होतं, त्यांच्या हातात दुसऱ्या दारात दाखवायला काहीतरी होतं. नुसता अनुभवाचा दाखला असणाऱ्यांना ते जड गेलं.

मिस्टरांच्या मताबद्दल. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी वाईट नाही, पण तो वेगळा रस्ता आहे. पदवीधर आराखडा करेल, विश्लेषण करेल, नियोजनात बसेल. दुरुस्त झालेलं विमान उडायला योग्य आहे अशी सही मात्र त्या पदवीवर करता येत नाही. ती सही लायसन्सवाल्याची. घरोघरी हे दोन्ही एकच समजले जातात आणि चार वर्षं गेल्यावर मुलं माझ्याकडे येतात. लेकीला हाताने काम करायला आवडतं का, हे आधी विचारा. घरातला मिक्सर उघडणारी पोर असेल तर एएमई. गणितं सोडवण्यातच रमणारी असेल तर मिस्टरांचं ऐका.

एएमईची रचना अशी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवेत, ते तिचे असतील असं धरतो. सीएआर-१४७ (प्रशिक्षण संस्थांसाठीचा डीजीसीएचा नियम) मान्यता असलेल्या संस्थेत साधारण दोन वर्षं आणि सुमारे २,४०० तासांचं मूलभूत प्रशिक्षण, मग चालू विमानांवर दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव, आणि सोबत डीजीसीएच्या मॉड्यूल, म्हणजे विषयवार, परीक्षा. जेट विमानाची रचना आणि इंजिन हवं असेल तर बी१.१, वायरिंग आणि एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) हवं असेल तर बी२. मॉड्यूल परीक्षांत मुलं अडकतात, एकेकात दोन-तीनदाही. लायसन्स हातात आलं तरी लगेच सही करता येत नाही. ए३२० किंवा बोइंग ७३७ असा टाइप कोर्स वेगळा, त्याची फी वेगळी, आणि कंपनीने करून दिला तर बहुतेक वेळा बाँड. नऊ लाखांत हे सगळं धरलं आहे का?

दुसऱ्यांची विमानं घेणाऱ्या हँगरचा एक फायदा नवख्या मुलांना उशिरा कळतो. एकाच विमान कंपनीत राहिलं तर एक-दोन प्रकारची विमानं आणि त्यांच्याच सवयी. जॉबवर्कच्या हँगरमध्ये आज या कंपनीचं ए३२०, पुढच्या पंधरवड्यात त्या कंपनीचं. विमान तेच, पण प्रत्येक कंपनीचा देखभाल कार्यक्रम वेगळा मंजूर झालेला, कामाच्या पायऱ्या लिहिलेली टास्क कार्ड वेगळी, कागद भरायची पद्धत वेगळी. ‘मागच्या वेळी असंच केलं होतं’ हे वाक्य तिथे चालत नाही. एका गिऱ्हाइकाचा सुटा भाग दुसऱ्याच्या विमानाला परस्पर लावता येत नाही. प्रत्येकाचे रॅक वेगळे, टॅग वेगळे. परदेशी विमान आलं तर त्या देशाच्या नियामकाची मान्यता हँगरकडे लागते आणि त्यांचे तपासनीस येऊन उलटसुलट विचारतात. सुरुवातीला वैताग येतो. पण या शिस्तीतून गेलेलं पोर पुढे आखातात किंवा युरोपात गेलं तर बावचळत नाही. (तिकडे डीजीसीएचं लायसन्स आपोआप चालत नाही, तिथल्या परीक्षा द्याव्या लागतात, हेही आत्ताच ऐकून ठेवा.)

तोटाही आहे. विमान ठरल्या दिवशी परत द्यायचं असतं, उशीर झाला की करारात दंड. एखाद्या पॅनेलखाली गंज निघाला की काम वाढतं, तारीख तीच राहते. रात्रपाळी ठरलेली. उंच डॉकवर हार्नेस लावून उभं राहणं, कधी इंधनाच्या टाकीत शिरून काम. मुलींची संख्या अजून कमी आहे, म्हणून रात्रीची ने-आण, वेगळी चेंजिंग रूम या गोष्टी लाजून न राहता विचारायच्या. काम मुलींना जमत नाही असं कोणी म्हणालं तर सोडून द्या. अरुंद जागेत शिरायला बारीक चणीचं माणूस हँगरमध्ये सगळ्यांनाच हवं असतं.

मागणी आहे का? आहे. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतला धातूच्या भुकटीचा दोष २०२३ मध्ये समोर आला, तेव्हा एकट्या इंडिगोची सत्तरच्या आसपास विमानं जमिनीवर आली आणि इंजिन दुरुस्तीच्या रांगा जगभर लांबल्या. पण विमानं वाढली म्हणून लायसन्स नसलेल्या प्रत्येक मुलाला नोकरी मिळते असं नाही. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणजे बऱ्याचदा कुठेतरी ट्रेनी म्हणून तुटपुंज्या मानधनावर चिकटवणं असतं.

तेव्हा त्या संस्थेत पैसे भरण्याआधी लेकीला घेऊन स्वतः जा. संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त १४७ संस्थांच्या यादीत आहे का आणि मान्यता नेमक्या कोणत्या प्रकाराची आहे, ते संकेतस्थळावर तपासा; बी१.१ शिकवतो म्हणायचं आणि मान्यता दुसऱ्याच प्रकाराची, असे नमुने आहेत. एएमई प्रवेशासाठी डीजीसीए स्वतः परीक्षा घेत नाही, म्हणून ‘राष्ट्रीय प्रवेश परीक्षे’च्या नावाने कोणी घाई करत असेल तर ती खासगी गोष्ट समजा. सगळ्यात महत्त्वाचं, दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव कुठल्या सीएआर-१४५ (म्हणजे विमान देखभालीची डीजीसीए मान्यता असलेल्या) हँगरमध्ये देणार, त्याचा करार दाखवा म्हणा. तोंडी नावं नकोत. गेल्या दोन-तीन तुकड्यांतल्या किती मुलांना लायसन्स मिळालं हे विचारा. नोकरी कितींना लागली हा आकडा फुगवता येतो, लायसन्सचा तितका सहज नाही.

पैशाचा ताण असेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती तुमच्यापासून लांब नाही. नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये ‘एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर’ हा ट्रेड आहे, दसॉ या विमानं बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने सुरू झालेला. फी नगण्य. त्यातून थेट सही करणारा इंजिनिअर होता येत नाही, पण पत्रा, रिव्हेट, ड्रिल यांवर हात बसतो आणि मिहानमधल्या विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत शिरकाव होतो. ७४ टक्क्यांच्या मुलीला आयटीआय सुचवलं म्हणून नातेवाईक नाक मुरडतील. मुरडू द्या. नऊ लाखांचं कर्ज काढून मॉड्यूलमध्ये अडकण्यापेक्षा ही सुरुवात मला जास्त सुरक्षित वाटते, विशेषतः लेकीचा कल अजून पक्का नसेल तर.

कल पक्का असेल, कर्ज झेपणार असेल आणि संस्थेने त्या हँगरचा करार दाखवला, तर घाला एएमईला. करार वाचताना काही कळलं नाही तर त्या पानांचे फोटो मला पाठवा, सही आणि पैसे त्यानंतर.