गवती चहाच्या तेलात हायड्रोजन

प्रश्न : आमच्या कुळागरात बांधाच्या कडेने गवती चहा भरपूर वाढतो. रसायनशास्त्र शिकणारा माझा पुतण्या म्हणतो, की त्याच्या तेलात हायड्रोजन मिसळला तर गुलाबासारख्या वासाचे द्रव्य मिळते. हे खरे आहे काय? असल्यास घरच्या घरी लहानसा उद्योग उभा करता येईल काय? (एक वाचक, सावईवेरे, फोंडा)

उत्तर : पुतण्याचे म्हणणे खरे आहे, पण वायू तेलात नुसता सोडून काही घडत नाही. त्यासाठी निकेल, पॅलेडियम किंवा प्लॅटिनम यांसारखा धातू उत्प्रेरक (स्वतः खर्च न होता क्रियेला चालना देणारा पदार्थ) म्हणून लागतो. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच्या रेणूतील दोन अणू सुटे होतात आणि मग तेलाच्या रेणूतील द्विबंधांवर (दोन अणूंमधील दुहेरी जोडांवर) जाऊन बसतात; यालाच बंध भरणे म्हणू. वनस्पती तूपही निकेल वापरून याच तत्त्वावर करतात. मात्र तुपात द्विबंध थोडे कमीअधिक भरले गेले तरी निभावते. सुगंधी द्रव्यात भलताच बंध भरला गेला, की वासच पालटतो.

गवती चहाच्या तेलाचा साधारणपणे 70 ते 80 टक्के भाग सिट्राल हे लिंबासारख्या वासाचे द्रव्य असते. त्याच्या रेणूत हायड्रोजन बसू शकेल अशा तीन जागा आहेत : दोन कार्बन-कार्बन द्विबंध आणि एक कार्बन-ऑक्सिजन द्विबंध. यांपैकी ऑक्सिजनचा बंध तेवढा भरला गेला तर जिरॅनिऑल आणि नेरॉल मिळतात; पुतण्या सांगतो ती गुलाबाच्या वासाची द्रव्ये हीच. त्याऐवजी शेजारचा कार्बन-कार्बन बंध भरला गेला तर सिट्रोनेलाल मिळते, हे दोन्ही भरले तर सिट्रोनेलॉल (त्यालाही गुलाबाचा वास असतो), आणि तिन्ही भरले तर वेगळेच संपृक्त अल्कोहोल हाती येते. पॅलेडियम वापरल्यास मुख्यतः सिट्रोनेलाल तयार होते. ओघ जिरॅनिऑलकडे वळवायचा असेल तर प्लॅटिनममध्ये कथील किंवा लोखंड यांची थोडी भर घालतात. हे जोडधातू सिट्रालमधील ऑक्सिजनला धरून ठेवतात आणि त्यामुळे त्याचाच बंध आधी भरला जातो. हायड्रोजन लागतो तो थोडाच : 152 ग्रॅम सिट्रालमधील एक बंध भरण्यास 2 ग्रॅम, म्हणजे सामान्य तापमानाला सुमारे 24 लिटर वायू. तो घालणे त्या मानाने सोपे. हव्या त्या जागी घालून वेळेवर थांबणे यातच माझ्या मते सारे कसब आहे.

घरगुती उद्योगाविषयी स्पष्टच सांगतो : हे घरी करू नये. हवेत हायड्रोजनचे प्रमाण 4 ते 75 टक्क्यांच्या दरम्यान असले, की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. रेनी निकेल हा नेहमीच्या वापरातला उत्प्रेरक तर कोरडा पडला, की हवेतच पेट घेतो, म्हणून तो पाण्याखाली ठेवतात. आपल्याला झेपेल असे काम म्हणजे वाफेच्या ऊर्ध्वपातनाने तेल काढणे आणि त्यातील सिट्रालचे प्रमाण तपासून घेऊन ते विकणे. सिट्रालला हायड्रोजनाशिवायही गिऱ्हाईक आहे, कारण त्यापासून आयोनोन हे सुगंधी द्रव्य आणि पुढे अ-जीवनसत्त्व तयार करता येते.

प्रश्न : टर्पेंटाइनपासूनही सुगंधी द्रव्ये करतात काय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : होय, पण पाइन वृक्षाच्या राळेतून निघणाऱ्या खऱ्या टर्पेंटाइनपासून; रंगाच्या दुकानात त्या नावाने बहुधा खनिज तेलजन्य द्रावक मिळतो. खऱ्या टर्पेंटाइनमधील अल्फा-पायनिनला हायड्रोजन जोडला, की पायनेन होते. त्यावर हवेतील ऑक्सिजनची क्रिया करून, पुन्हा हायड्रोजन वापरून पायनॅनॉल करतात आणि ते तापवून लिनॅलूल मिळवतात. लिनॅलूल साबणाच्या सुवासासाठी लागते, तसेच ई-जीवनसत्त्वाच्या निर्मितीतही. कागदाच्या कारखान्यात उपपदार्थ म्हणून मिळणाऱ्या टर्पेंटाइनमधील गंधक मात्र आधी काढून टाकावे लागते, नाही तर ते उत्प्रेरकाला निकामी करते. हिमालयातील चीड वृक्षाच्या टर्पेंटाइनची अडचण निराळी : त्यात कॅरीन हे पायनिनच्या कुळातले, पण दुसरेच द्रव्य बरेच असते आणि त्यापासून या मार्गाने लिनॅलूल होत नाही.